विश्लेषण : गुळवेलीच्या अर्कात नेमके काय उतरते? ‘हरित’ निष्कर्षणामुळे काय बदलेल?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वसलेल्या मुलुंड पश्चिमेत गुळवेल शोधावी लागत नाही. कुंपणावर, कडुलिंबावर, पडीक भिंतीवर ती आपोआप चढते. याच उपनगरातील औषधांच्या दुकानात ती रस, गोळी, घनवटी, सत्त्व आणि कॅप्सूल अशा रूपांत मिळते. सर्वांवर नाव एकच, दावाही बहुधा एकच, ‘प्रतिकारशक्ती वाढवते’. मात्र या डब्यांतील पदार्थ रासायनिकदृष्ट्या एकसारखे नसतात. वनस्पतीतून काय बाहेर येईल हे तिच्या नावावर नव्हे, तर ती कशात, किती वेळ आणि किती तापमानाला भिजवली यावर ठरते. वनस्पतींतील उपयुक्त बहुशर्करा, म्हणजे पॉलिसॅकराइडे, पर्यावरणपूरक पद्धतीने वेगळी करण्याचे संशोधन सध्या जगभर वेगाने सुरू आहे. त्याचा संबंध केवळ प्रदूषणाशी नाही, तो थेट या डब्यांशी आहे. तो कसा, हे समजून घेण्यासाठी मुंबईतील गुळवेलीवरचे संशोधनच पुरेसे आहे.

बहुशर्करा म्हणजे काय?

साखरेचे छोटे रेणू साखळीने एकमेकांना जोडले गेले की बहुशर्करा तयार होते. तांदळाच्या पेजेतला स्टार्च, पेरूच्या जेलीला घट्टपणा देणारे पेक्टिन, भेंडीचा बुळबुळीतपणा, कापसातले सेल्युलोज ही सगळी बहुशर्करांचीच रूपे. लाडवात पडणारा बाभळीचा डिंकही प्रामुख्याने अ‍ॅरॅबिनोगॅलॅक्टन या प्रकारच्या बहुशर्करेचा बनलेला असतो. त्यात अ‍ॅरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज या दोन शर्करांच्या शाखायुक्त साखळ्या असतात.

यातील काही बहुशर्करा शरीराला ऊर्जा देतात, काही तंतुमय पदार्थ म्हणून आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य होतात, तर काही रोगप्रतिकारक पेशींना चेतवतात. त्यामुळे औषधनिर्मिती, आरोग्यपूरक अन्न आणि सौंदर्यप्रसाधने या तिन्ही उद्योगांना त्या हव्या आहेत. अडचण एवढीच की या साखळ्या मोठ्या, नाजूक आणि पेशीभित्तिकेत अडकलेल्या असतात. त्या सुट्या करायच्या तर भित्तिका फोडावी लागते आणि फोडताना साखळी तुटू नये हेही पाहावे लागते.

मुंबईत गुळवेलीचा अभ्यास कसा झाला?

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून गुळवेलीचा आधुनिक औषधशास्त्राच्या कसोट्यांवर अभ्यास केला. १९९३ साली त्यांच्या गटाने ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या ३० रुग्णांचे दोन गट करून एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेलीचा अर्क देण्यात आला. त्या गटात रक्तातील जंतुसंसर्ग आणि शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कमी आढळले. अभ्यास लहान होता. पण गुळवेल प्रतिकारशक्तीवर काही तरी परिणाम करते, या परंपरागत समजुतीला त्यातून रुग्णालयातील आधार मिळाला.

हा परिणाम घडवणारा घटक कोणता, या प्रश्नाचे एक उत्तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून आले. तेथील संशोधकांनी गुळवेलीच्या वाळलेल्या खोडातून एक अ‍ॅरॅबिनोगॅलॅक्टन वेगळे केले आणि १९९९ साली ‘फायटोकेमिस्ट्री’ या नियतकालिकात त्याची रचना मांडली. त्याचे सरासरी रेणूभार सुमारे २२ लाख इतके प्रचंड होते. तुलनेसाठी, साध्या साखरेचे रेणूभार ३४२ आहे. ‘जी१-४ए’ या नावाने ओळखली जाणारी ही बहुशर्करा प्रतिकारक यंत्रणेतील बी पेशींची वाढ घडवते, असे दिसले. ती ‘टोल-लाइक रिसेप्टर ४’ या ग्राहकरेणूमार्फत काम करते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. २०१६ मध्ये याच बहुशर्करेचा क्षयाच्या जंतूंवरील परिणाम तपासणारे काम ‘प्लॉस वन’मध्ये आले.

भाभा केंद्रातील हे काम प्रयोगशाळेतील पेशी आणि उंदीर यांच्यावरचे आहे. शुद्ध केलेली ही बहुशर्करा म्हणजे दुकानातली गोळी नव्हे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. गुळवेलीचा ‘गुण’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्यातला एक महत्त्वाचा भाग पाण्यात विरघळणाऱ्या मोठ्या रेणूंमध्ये आहे.

मग हे रेणू इतकी वर्षे दुर्लक्षित का राहिले?

त्याचे उत्तर मुलुंडच्या इतिहासात सापडते. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने आज मॉल आणि निवासी मनोरे दिसतात, तिथे काही दशकांपूर्वी कारखान्यांचा पट्टा होता. हेक्स्ट या जर्मन कंपनीने १९७२ मध्ये मुलुंडला संशोधन केंद्र सुरू केले. भारतीय वनस्पतींमधून नवी औषधे शोधणे हे त्याचे एक प्रमुख काम होते. गुजराती घरांत लोणच्यासाठी वापरली जाणारी गरमर, म्हणजे कोलिअसचे मूळ, या केंद्रात तपासले गेले. त्यातून मिळालेल्या फॉरस्कोलिन या संयुगाची रचना १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही त्याच काळात याच वनस्पतीवर स्वतंत्रपणे काम सुरू होते. फॉरस्कोलिन पेशींतील अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम थेट चेतवते, हे १९८१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवल्यानंतर ते जगभरातील जीवशास्त्रीय प्रयोगशाळांमध्ये रोजच्या वापराचे रसायन झाले. मुलुंडचे हे केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामल कंपनीकडे गेले.

फॉरस्कोलिन हा छोटा रेणू आहे. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, सेंद्रिय विद्रावकांत सहज विरघळतो. त्या काळातील औषधसंशोधनाचा साराच रोख अशा छोट्या रेणूंवर होता. ते शुद्ध करता येतात, त्यांची रचना ठरवता येते, पेटंट घेता येते आणि पुढे कारखान्यात बनवताही येतात. या शोधात बहुशर्करा म्हणजे अडथळा. अर्क चिकट होतो, गाळणी तुंबते, चाचण्यांचे निकाल बिघडतात. त्यामुळे त्या सुरुवातीलाच साक्याबरोबर किंवा चोथ्याबरोबर बाजूला काढल्या जात. जी पद्धत निवडली, तिनेच काय सापडणार हे ठरवले. फॉरस्कोलिन सापडले ते त्या पद्धतीमुळे. पण बहुशर्करा हाती लागण्यासाठी वेगळी पद्धत हवी होती.

नेहमीच्या पद्धतीत अडचण काय आहे?

बहुशर्करा काढण्याची रूढ पद्धत तत्त्वतः काढ्यासारखीच आहे. वाळलेल्या वनस्पतीची भुकटी ८० ते १०० अंश सेल्सियसच्या पाण्यात काही तास उकळतात आणि गाळून आटवतात. मग त्यात अर्काच्या तीन ते चार पट इथेनॉल घालतात. अल्कोहोलमध्ये बहुशर्करा विरघळत नाहीत, त्यामुळे त्या तळाशी बसतात. सोबत आलेली प्रथिने काढण्यासाठी प्रयोगशाळेत अनेकदा क्लोरोफॉर्म आणि ब्युटेनॉल यांचे मिश्रण वापरले जाते.

यात तीन खर्च आहेत. पहिला ऊर्जेचा, कारण तासन्‌तास उकळणे आणि नंतर तेवढेच पाणी आटवणे. दुसरा विद्रावकांचा, कारण इथेनॉल ज्वलनशील असते आणि ते पुन्हा मिळवायचे तर ऊर्ध्वपातन करावे लागते. क्लोरोफॉर्मला तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत ठेवले आहे. तिसरा खर्च गुणवत्तेचा, कारण दीर्घकाळ उष्णता दिल्याने काही साखळ्या तुटतात आणि रंगद्रव्ये व स्टार्चही मोठ्या प्रमाणात सोबत येतात.

इथेच अल्कोहोलचा आणखी एक मुद्दा येतो. जो पदार्थ अल्कोहोल घालताच तळाशी बसतो, तो अल्कोहोलने काढलेल्या अर्कात कसा येणार? तीव्र अल्कोहोलमध्ये काढलेल्या गुळवेलीच्या अर्कात कडू डायटर्पिनॉइडे आणि बर्बेरिन, मॅग्नोफ्लोरिन यांसारखी अल्कलॉइडे चांगली उतरतात. बहुशर्करा मात्र जवळपास चोथ्यातच राहतात. पाण्यातल्या अर्कात चित्र बरेच वेगळे असते. दोन्ही डब्यांवर ‘गुळवेल अर्क’ हेच नाव असू शकते.

‘हरित’ पद्धती कोणत्या?

पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. त्याच धर्तीवर फ्रान्समधील फरीद शेमा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नैसर्गिक पदार्थांच्या हरित निष्कर्षणाची सहा तत्त्वे सुचवली. कमी ऊर्जा, पाण्यासारखे निर्धोक विद्रावक, टिकाऊ पुरवठ्याची वनस्पती, कमी टप्पे, चोथ्याचा उपयोग आणि दूषणमुक्त अर्क हा त्यांचा गाभा. बहुशर्करांसाठी सध्या पुढील पद्धती प्रामुख्याने अभ्यासल्या जातात.

श्राव्यातीत ध्वनी : माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे २० हजार हर्ट्झ आणि त्यावरील कंपनसंख्येच्या लहरी पाण्यात सोडल्या की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि क्षणात फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा फुटताना निर्माण होणाऱ्या धक्क्याने पेशीभित्तिका फाटते. उकळण्याची गरज राहत नाही आणि तासांचे काम मिनिटांत होते. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील, म्हणजे आयसीटीतील, प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. पराग गोगटे यांचे कॅव्हिटेशनवरील काम जगभर संदर्भासाठी वापरले जाते.

मायक्रोवेव्ह : स्वयंपाकघरातील तत्त्वच इथे लागू होते. पेशीतले पाणी आतून तापते, वाफेचा दाब वाढतो आणि भित्तिका फुटते. भांडे, बाहेरचे पाणी आणि भुकटी या क्रमाने उष्णता पोहोचवण्यात जाणारा वेळ वाचतो.

एन्झाइम : सेल्युलेज आणि पेक्टिनेज ही एन्झाइमे ४० ते ६० अंशांना भित्तिकेचे धागे कापतात आणि आतली बहुशर्करा मोकळी करतात. गुळवेलीच्या खोडात स्टार्च भरपूर असल्याने तो पचवून बाजूला काढण्यासाठी अमायलेजही वापरता येते.

उच्च दाबाचे पाणी : दाबाखाली ठेवले तर पाणी १०० अंशांच्या वरही द्रवरूपात राहते. ३७४ अंशांपर्यंतच्या या अवस्थेत त्याचे गुणधर्म बदलतात आणि एरवी न विरघळणारे घटकही त्यात उतरतात. प्रेशर कुकर हा त्याचा अगदी सौम्य अवतार.

पडदा-गाळण : अर्कातून बहुशर्करा वेगळी करण्यासाठी इथेनॉलऐवजी सूक्ष्म छिद्रांचा पडदा वापरतात. दुग्धव्यवसायात निवळीतून प्रथिने वेगळी करण्यासाठी हे तंत्र रुळलेले आहे. २२ लाख रेणूभाराचा मोठा रेणू अडतो, साखर आणि क्षार पलीकडे जातात. उष्णता नको, अल्कोहोलही नको.

याखेरीज कोलीन क्लोराइडमध्ये ग्लिसरॉलसारखा पदार्थ मिसळून केलेल्या ‘डीप युटेक्टिक’ विद्रावकांवरही बरेच संशोधन होत आहे. कॉफीतील कॅफीन काढण्यासाठी वापरला जाणारा उच्च दाबाचा कार्बन डायऑक्साइड मात्र बहुशर्करांसाठी थेट उपयोगी नाही. तो तेलकट पदार्थ विरघळवतो, त्यामुळे आधी मेद काढून टाकण्यापुरता त्याचा वापर होतो.

हरित म्हणजे आपोआप चांगले का?

नाही. बहुतेक संशोधनपत्रांत ‘अमुक टक्के अधिक उतारा मिळाला’ हे ठळकपणे सांगितलेले असते. पण बहुशर्करेच्या बाबतीत उताऱ्याइतकाच साखळीचा आकार महत्त्वाचा असतो. पेशीभित्तिका फाडणारा बुडबुडा लांब साखळीही तोडतो. श्राव्यातीत लहरी जास्त वेळ दिल्या तर बहुशर्करेचे रेणूभार घटते, हे सर्वज्ञात आहे. त्यामुळे कधी परिणाम वाढतो, कधी नाहीसा होतो. २२ लाख रेणूभाराच्या साखळीवर झालेल्या अभ्यासाचा दाखला देऊन तिचे तुकडे विकले, तर तो दाखला त्या मालाला लागू होत नाही.

इतर पद्धतींच्याही मर्यादा आहेत. उच्च दाबाच्या पाण्यात तापमान वाढले की शर्करा करपतात आणि वेगळीच संयुगे बनतात. डीप युटेक्टिक विद्रावक उडून जात नाहीत. ते मालातून पूर्ण काढणे कठीण असते. एन्झाइमे महाग पडतात. मायक्रोवेव्ह आणि ध्वनियंत्रे विजेवर चालतात आणि महाराष्ट्रातील विजेचा मोठा वाटा अजूनही कोळशातून येतो. प्रयोगशाळेतील अर्ध्या लिटरच्या भांड्यात दिसलेली बचत हजार लिटरच्या टाकीत तेवढीच दिसेल असे नाही, कारण ध्वनिलहरींचा प्रभाव यंत्राच्या टोकापासून दूर जाताच झपाट्याने कमी होतो.

आणखी एक फसवी जागा मोजमापात आहे. एकूण बहुशर्करा मोजण्यासाठी फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची चाचणी सर्रास वापरली जाते. ती गुळवेलीची अ‍ॅरॅबिनोगॅलॅक्टन आणि साधा स्टार्च यांत फरक करत नाही. अर्काची भुकटी सुटी राहावी म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन मिसळले असेल, तर तेही ‘बहुशर्करा’ म्हणूनच मोजले जाते. शिवाय टोल-लाइक रिसेप्टर ४ हा मुळात जिवाणूंच्या आवरणातील विषद्रव्य ओळखणारा ग्राहकरेणू आहे. अर्क जिवाणूंनी दूषित असेल तर प्रतिकारक पेशी त्यानेही चेतवल्या जातात आणि श्रेय वनस्पतीला मिळते. या क्षेत्रातील काळजीपूर्वक केलेले अभ्यास म्हणूनच ही शक्यता आधी तपासून बाजूला काढतात.

गुळवेल सत्त्व हीच मूळ हरित पद्धत नव्हे का?

एका अर्थाने होय. ताजी खोडे ठेचून पाण्यात भिजवायची, कुस्करायची, गाळायची, पाणी स्थिर ठेवायचे, वरचे पाणी ओतून द्यायचे आणि तळाला बसलेला पांढरट साका वाळवायचा. रसायन नाही, इंधन नाही, चोथा जनावरांच्या किंवा खताच्या कामी येतो.

पण तळाशी बसतो तो मुख्यतः स्टार्च. थंड पाण्यात विरघळणाऱ्या बहुशर्करा आणि बरेच कडू घटक ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातात. म्हणूनच सत्त्व पांढरे आणि सौम्य चवीचे असते, तर काढा गडद आणि कडू. घनवटीत हाच काढा आटवून घट्ट केलेला असतो, त्यामुळे पाण्यात उतरलेले सर्व काही तिच्यात राहते. आयुर्वेदाने सत्त्व, स्वरस, क्वाथ आणि घन यांना वेगळी नावे दिली आणि त्यांचे उपयोगही वेगळे सांगितले. आजच्या बाजाराने मात्र हा फरक पुसून सगळ्यावर ‘गिलोय’ असे एकच लेबल लावले आहे.

करोनाकाळात काय घडले?

ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आयुर्वेद व योगावर आधारित करोना उपचार नियमावलीत गुळवेल घनवटीचा समावेश होता. त्याच सुमारास घरोघरी काढे सुरू झाले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास ‘हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’मध्ये आला. अनेक रुग्णांमध्ये, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते तशा प्रकारचा दाह दिसला होता.

आयुष मंत्रालयाने हे निष्कर्ष नाकारले. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे विश्लेषण झाले नव्हते, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही प्रजाती घेतली गेली असू शकते आणि गुळवेल सुरक्षित आहे, अशी मंत्रालयाची भूमिका होती. डॉक्टरांचे म्हणणे असे की प्रतिकारशक्ती चेतवणारा पदार्थ स्वयंप्रतिकार विकाराची प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीत तो विकार जागा करू शकतो.

या वादात निष्कर्षण पद्धतीचा प्रश्न फारसा आला नाही, पण तो मुळाशी आहे. बाधित रुग्णांत घरी खोड उकळून पिणारे होते आणि तयार उत्पादने घेणारेही होते. म्हणजे ‘पाण्यात काढले, म्हणून निर्धोक’ असे म्हणता येत नाही. बी पेशी चेतवणारी बहुशर्करा खरोखरच प्रभावी असेल, तर तिची मात्राही महत्त्वाची ठरते. आणि कुणी काय, किती मात्रेत घेतले हे आज कोणीच सांगू शकत नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कावीळ झालेल्या रुग्णांना त्याच शहरात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक मात्रेत दिलेला अर्क आणि २०२० मध्ये अंदाजाने उकळलेला काढा यांत हाच फरक होता.

नियम काय सांगतात?

कायद्याला हा फरक ठाऊक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांमध्ये २०१० साली घातलेल्या १५८-ब या नियमात वनस्पतींच्या अर्कांचे पाण्यातील, पाणी-अल्कोहोल मिश्रणातील आणि इतर विद्रावकांतील असे प्रकार केले आहेत. परवान्यासाठी लागणारे सुरक्षिततेचे पुरावे त्यानुसार बदलतात. महाराष्ट्रात हे परवाने अन्न व औषध प्रशासन देते. मात्र परवान्याच्या फाइलमधील ही माहिती ग्राहकाच्या हातातील बाटलीवर त्याच नेमकेपणाने उतरत नाही. अर्क कशात काढला, बहुशर्करा किती, ती मोजली कशी, भर म्हणून काय घातले, हे सांगणारे लेबल अपवादानेच दिसते. त्यात गुळवेलीची काही उत्पादने आयुर्वेदिक औषध म्हणून, तर काही आरोग्यपूरक अन्न म्हणून, म्हणजे दोन वेगळ्या नियमावल्यांखाली विकली जातात.

वेल गोळा करणाऱ्यांना काय मिळते?

मुलुंडहून जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव लागते. तिथून जवळच्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांच्या एका गटाने वन धन योजनेखाली गुळवेलीचा व्यवसाय उभा केला. करोनाकाळात त्यांना औषधकंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या मागण्या मिळाल्याचे केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. वेल तोडणे, साफ करणे, वाळवणे आणि पुरवणे हे त्यांचे काम. अर्क काढण्याचे, म्हणजे मूल्य वाढवण्याचे काम मात्र अन्यत्र होते.

हरित पद्धतींचा फारसा न बोलला जाणारा उपयोग इथे आहे. इथेनॉलवर चालणाऱ्या उद्योगाला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, आगीपासून संरक्षणाची व्यवस्था आणि विद्रावक परत मिळवणारी यंत्रणा लागते. लहान गटाला ते झेपत नाही. पाणी, एन्झाइम आणि पडदा-गाळण यांवर चालणारे युनिट मात्र तालुक्याच्या पातळीवर कल्पनीय आहे. त्यासाठी वीज, स्वच्छ पाणी, तपासणीची सोय आणि खरेदीची हमी लागेल, हे खरेच. शिवाय मागणी वाढली की वेल मुळासकट ओरबाडली जाण्याचा धोकाही वाढतो. गुळवेल खोडाच्या तुकड्यापासून सहज लागते, त्यामुळे लागवड शक्य आहे. पण ती केली तरच पद्धतीला ‘हरित’ म्हणण्यात अर्थ आहे.

पुढे काय?

उत्पादकांनी लेबलवर चार गोष्टी छापणे तांत्रिकदृष्ट्या आजही अवघड नाही. अर्क कशात काढला, एका मात्रेसाठी किती किलो वा ग्रॅम खोड वापरले, स्टार्च वगळून बहुशर्करा किती आणि भर कोणती. त्याचबरोबर वनस्पतीची ओळख पटवून घेतल्याचा उल्लेख असला, तर आयुष मंत्रालयाने उपस्थित केलेल्या प्रजातीच्या घोटाळ्याचेही उत्तर मिळेल. पाण्यावर आधारित नव्या पद्धतींना परवाना देताना केवळ उतारा नव्हे, तर रेणूभारही तपासावे, ही अपेक्षा शास्त्रीयदृष्ट्या रास्त आहे. कारण पद्धत बदलली की पदार्थ बदलतो.

तोपर्यंत ग्राहकाच्या हातात थोड्या गोष्टी उरतात. सत्त्व, रस, घनवटी आणि कॅप्सूल एकमेकांना पर्याय मानू नयेत. यकृताचा किंवा स्वयंप्रतिकार विकार असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. गुळवेल घेताना डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर ती थांबवून तातडीने तपासणी करून घ्यावी आणि काय घेत होतो ते डॉक्टरांना दाखवावे. शक्यतो बाटलीसकट, कारण नुसत्या ‘गुळवेल’ या नावावरून आत काय होते ते कळत नाही.